हलक्या रिकर्व्हसाठी कार्बन बाण: निवड, कापणी आणि जुळणी

धनुष्य घेताना माणूस महिनोन्महिने चौकशी करतो. लिम्ब म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात कसले, मूठ कुठल्या लाकडाची, किती पौंडांचं, सगळं विचारतो. बाणांची वेळ आली की मात्र उरलेल्या पैशात जे बसेल ते उचलतो. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. साध्या धनुष्यावर नीट जुळवलेला बाण महागड्या धनुष्यावरच्या न जुळणाऱ्या बाणापेक्षा कधीही चांगला लागतो.

नेम म्हटलं की कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे याच मातीतले. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्यात जगज्जेती झाली. पण रायफलवाल्याला गोळी कारखान्यातून तयार मिळते. तिरंदाजाला आपली गोळी स्वतः जुळवून घ्यावी लागते, आणि हे काम नवख्याला कुणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हा लेख.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘हंटिंग रिकर्व्ह’ हे नाव परदेशी बाजारातून आलंय. टोकं पुढं वळलेलं (तेच रिकर्व्ह), साधारण ५८ ते ६२ इंचांचं, बिनसाईटचं म्हणजे नेम धरायची खूण नसलेलं, बाण थेट मुठीवरच्या खाचेत म्हणजे शेल्फवर ठेवून सोडायचं धनुष्य, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. चित्त्यांकडून शिकार करवणारं संस्थान म्हणून कोल्हापूरची एकेकाळी ख्याती होती, तो काळ आता न्यू पॅलेसच्या संग्रहालयात बघायचा. उसात रानडुक्कर शिरलं, शेजाऱ्यानं ‘तुझ्याकडं धनुष्य हाय न्हवं?’ म्हणून गळ घातली, तरी बाण चालवायचा नाही. पीक नुकसानीच्या भरपाईसाठी वन विभागाकडं अर्ज करता येतो, त्याला तो रस्ता दाखवा. इथं पुढं जे काही आहे ते टार्गेटवरच्या सरावासाठी आहे, त्यामुळं पात्याची टोकं या लेखात येणार नाहीत. साधा फील्ड पॉइंट, म्हणजे बिनपात्याचं निमुळतं टोक, पुरे.

आधी स्वतःचं माप

धनुष्यावर लिहिलेला ४० पौंड हा आकडा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागं ओढल्यावरचा असतो. तुमची ओढ २८ असेलच असं नाही. आपल्याकडं बऱ्याच जणांची २६ ते २७ च्या आसपास भरते. ओढ इंचभर कमी झाली की साधारण दोन ते अडीच पौंड कमी होतात. म्हणजे साडेसव्वीस इंच ओढणाऱ्याच्या हातात ४० चं धनुष्य प्रत्यक्षात ३६-३७ पौंडांचंच असतं.

मोजायला मित्र लागतो. एक लांब बाण लावा, नेहमीसारखं पूर्ण ओढून गालाशी हात टेकवा, आणि मित्राला मुठीच्या पुढच्या कडेशी बाणावर पेनानं खूण करायला सांगा. मित्र बाजूला उभा राहील, टोकासमोर कधीही नाही. मग दोरी हातातून न सोडता सावकाश परत जागेवर आणायची. बाणाशिवाय ओढलेली दोरी तर कधीच सोडायची नाही, लिम्ब तडकतो. नॉक म्हणजे दोरीत अडकणारा बाणाचा शेपटाकडचा तुकडा. त्याच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. अंग गरम झाल्यावर मोजलेलं माप खरं. पहिल्या दोन ओढींत सगळेच छाती फुगवून जास्त ओढतात.

मग सामान तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा दोरीत अडकवा आणि त्या मापापर्यंत ओढा. किलोचे पौंड करायला २.२ नं गुणायचं. साडेसोळा किलो आलं तर ३६ पौंड. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर, छापील आकड्यावर नाही.

स्पाईन: इथंच सगळे अडखळतात

स्पाईन म्हणजे बाणाचा कडकपणा. तो मोजायला शाफ्ट, म्हणजे बाणाची नुसती नळी, २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती वाकतो ते बघायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाईन ५००. इंचाच्या चार दशांश वाकला तर ४००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ, आकडा लहान तितका कडक. नवखा माणूस हे हटकून उलटं धरतो.

बाण वाकायला कशाला पाहिजे? कारण बोटांवरून सुटताना दोरी सरळ पुढं जात नाही. ती बोटांना वळसा घालून किंचित बाजूला सरकते आणि मग मध्यावर येते. बाणाचं शेपूट तिच्याबरोबर हलतं, टोक जड असल्यानं मागं राहू बघतं, आणि मधल्या मधे बाण मासोळीसारखा वळवळत मुठीला बगल देऊन निघतो. योग्य कडकपणाचा बाण मुठीला न घासता निसटतो. फार कडक बाण वाकतच नाही, मुठीवर आपटून डावीकडं जातो. फार मऊ बाण गरजेपेक्षा जास्त वाकून उजवीकडं जातो. हे उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचं, डावखुऱ्यानं डावं-उजवं बदलून वाचावं.

आता बाजारातली अडचण. ‘हंटिंग’ म्हणून विकले जाणारे कार्बन बाण बहुतेक ३०० ते ४०० स्पाईनचे असतात, कारण ते ६०-७० पौंडांच्या कंपाउंड धनुष्यांसाठी बनवलेले असतात. नाव सारखं दिसतं, पोरगं डझन मागवतं, आणि ३५ पौंडांच्या रिकर्व्हवर ते बाण महिनाभर डावीकडं जात राहतात. त्याला वाटतं आपला हातच वाईट. हात बरा असतो, बाण वाशासारखा ताठ असतो.

२९-३० इंचांचा शाफ्ट आणि १२५ ग्रेनच्या (सुमारे ८ ग्रॅमच्या) आसपासचं टोक धरून माझा ढोबळ अंदाज असा: हातात ३० पौंड येत असतील तर ७०० ते ८००, ३५ ला ६०० ते ७००, ४० ला ५०० ते ६००, ४५ ला ५००. शंका असेल तर मऊ बाजूचा घ्या. मऊ बाण कापून कडक करता येतो. कडक बाणाला फक्त जड टोक लावून थोडं नमवता येतं, आणि त्यालाही मर्यादा आहे. मुठीची खाच मध्यापर्यंत खोल कापलेली नसेल, जुन्या लाकडी धनुष्यांत ती बहुधा नसते, तर आणखी एक पायरी मऊ जा.

सरळपणाचे ०.००१, ०.००३, ०.००६ असे वर्ग येतात. पहिल्या वर्षी ०.००६ चा स्वस्त वर्ग घ्या. वाचलेल्या पैशात जादा शाफ्ट आणि पिसं येतात.

वजनाचा हिशोब

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे सुमारे साडेपंधरा ग्रेन. साध्या रिकर्व्हसाठी दर पौंडाला ८ ग्रेनच्या खाली जायचं नाही, १० च्या आसपास उत्तम. बाण हलका असला की उरलेली ताकद लिम्बात आणि तुमच्या खांद्यात थडथडत राहते. जरा जड बाणावर धनुष्य शांत सुटतं, आवाजातच कळतं.

३६ पौंडांचं उदाहरण घेऊ. ६०० स्पाईनचा शाफ्ट, इंचाला ७ ग्रेन, २९ इंच म्हणजे २०३. टोक १२५. इन्सर्ट म्हणजे टोक बसवायला नळीत घालायचा आट्यांचा तुकडा १५, नॉक १०, चार इंची तीन पिसं मिळून ८. बेरीज ३६१ ग्रेन, ग्रॅममध्ये २३.४. दर पौंडाला बरोबर १० पडले. तोल बघायचा तर बाण बोटावर आडवा धरा. नॉकच्या खाचेपासून साडेएकोणीस इंचांवर तोल सापडला, निम्मी लांबी साडेचौदा, म्हणजे तोल मध्यापासून पाच इंच पुढं. पाच भागिले एकोणतीस, साधारण १७ टक्के. १२ ते १८ मध्ये काहीही आलं तरी पिसांच्या बाणाला चालतं. यावर लोक तासन् तास वाद घालतात, तुम्ही पाच मिनिटांवर घालवू नका.

डझन नको, आधी पाच

एकाच स्पाईनचे पाच शाफ्ट मागवा, पूर्ण लांबीचे, न कापलेले. तिनांना पिसं लावा, दोन उघडे म्हणजे बिनपिसांचे ठेवा. टोकंही तीन वजनांची घ्या, १००, १२५ आणि १५० ग्रेन. स्क्रूची असतात, हातानं बदलता येतात. कंपनीकडून ‘तुमच्या मापाला कापून’ बाण मागवणं हा नवख्याच्या खर्चातला सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. तुमचं माप अजून ठरायचंय.

इन्सर्ट बसवण्याआधी शाफ्टच्या आतला भाग बारीक पॉलिश पेपरनं खरवडा, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट फिरवा, वाळू द्या. चाचणीच्या बाणांना कमी तापमानाचा हॉट मेल्ट गोंद वापरा म्हणजे नंतर काढता येईल. काढताना टोक गरम पाण्यात धरायचं. कार्बनला थेट ज्योत दाखवायची नाही, आतलं राळ जळतं आणि बाण बाहेरून धडधाकट दिसत आतून मरतो.

पिसं म्हणजे खरी पिसंच. बाण शेल्फवरून सुटत असेल तर प्लॅस्टिकचे व्हेन खाचेला आपटून बाण उडवतात, पीस दबून निघून जातं. एका बाणावर डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळायची नाहीत. वेगळ्या रंगाचं पीस मुठीपासून बाहेरच्या बाजूला.

धनुष्य तयार करणं

बाण तपासण्याआधी धनुष्य एका जागी स्थिर पाहिजे. दोरी चढवायला स्ट्रिंगर नावाची वेगळी मदतीची दोरीच वापरा, पायात अडकवून चढवलेल्या धनुष्याचे लिम्ब पिळतात. दोरी ते मुठीचा सगळ्यात खोल भाग हे अंतर म्हणजे ब्रेस हाईट. बनवणाऱ्यानं दिलेलं माप पाळा. नसेल तर ६० इंची धनुष्याला साडेसातपासून सुरू करा. दोरीला पीळ वाढवला की अंतर वाढतं. दर वेळी चार-पाच पीळ देऊन काही बाण सोडा आणि ज्या मापाला आवाज सगळ्यात कमी तिथं थांबा.

नॉकिंग पॉइंट म्हणजे बाण कुठं लावायचा ते दाखवणारी दोरीवरची गाठ. बाण दोरीशी जिथं काटकोन करतो त्यापेक्षा ती अर्धा इंच वर बांधा. पितळी कडीपेक्षा मेणाचा दोरा गुंडाळून केलेली गाठ बरी, ती पिळून वर-खाली सरकवता येते. बाणाच्या खाली तिन्ही बोटं धरणाऱ्यांना ती पाऊण इंचापर्यंत लागू शकते, आणि बाण घसरू नये म्हणून नॉकच्या खालीही एक गाठ पाहिजे.

नॉक दोरीत कसा बसतो तेही बघा. बाण दोरीला लोंबकळत ठेवायचा आणि दोरीला बोटानं टिचकी मारायची. बाण सुटून खाली पडला पाहिजे, टिचकीआधी पडता कामा नये.

उघड्या बाणाची चाचणी

हा या कामाचा गाभा आहे, आणि इथं घाई करणारा पुढचं वर्षभर भोगतो. पंधरा मीटरवर तुमचे पिसांचे बाण जेवायच्या ताटाएवढ्या जागेत पडत नसतील तर ही चाचणी अजून करू नका. आधी सराव. हात डगमगत असताना चाचणी केली तर चाचणी हाताची होते, बाणाची नाही.

टार्गेट मऊ घ्या. साखरेचं रिकामं पोतं जुने कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गच्च ठासून शिवलं की कार्बनला उत्तम. मागं मातीचा उंच बांध पाहिजे, दगडी भिंत किंवा जांभा नको, चुकलेला बाण त्यावर फुटतो किंवा उलटा येतो. बांधापलीकडं पायवाट असेल तर जागा बदला.

दहा मीटरपासून सुरू करा. तीन पिसांचे बाण सोडा, मग त्याच नेमानं दोन उघडे. बघायचं फक्त एकच, उघडे बाण पिसांच्या बाणांच्या कुठल्या बाजूला पडले. पोत्यात बाण तिरका रुतलाय का यावर विश्वास ठेवू नका, आतल्या चिंध्याही बाणाला वळवतात. तिन्ही-चारी खेपांत उत्तर तेच आलं तरच ते खरं धरायचं.

आधी वर-खाली. उघडे बाण वर पडले तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, थोडा वर घ्या. खाली पडले तर तो वर आहे, खाली घ्या. एका वेळी एक-दीड मिलिमीटर. उघडा बाण किंचित खाली राहिला तर राहू द्या, तो शेल्फला घासत नाही एवढी खात्री त्यातून मिळते.

मग डावं-उजवं. उघडे बाण डावीकडं पडले, म्हणजे बाण कडक. टोक जड करा, १२५ चं १५० करून बघा. उजवीकडं पडले, म्हणजे बाण मऊ. टोक हलकं करा किंवा शाफ्ट कापायची वेळ आली. शेल्फच्या बाजूला मुठीवर चिकटवलेली, बाण जिला टेकतो, त्या पट्टीची जाडी वाढवली की बाण कडक वागू लागतो आणि कमी केली की मऊ, पण हा उपाय शेवटच्या बारीक फरकासाठी ठेवा.

एक फसवं चिन्हही आहे. फारच कडक बाण कधीकधी मुठीवर आपटून उसळतो आणि उजवीकडं पडून मऊ असल्याचं भासवतो. संशय आला तर शेल्फवर, पट्टीवर आणि पिसांवर तोंडाला लावायची पावडर शिंपडा, एक पिसांचा बाण सोडा आणि पावडर कुठं पुसली गेली ते उन्हात धरून बघा. पट्टीवर ठळक ओरखडा उठला असेल तर बाण आपटतोय. अशा वेळी कापू नका, आणखी मऊ शाफ्ट मागवा.

कापणी

हॅक्सॉनं किंवा पाईप कटरनं कार्बन कापायचा नाही, धागे उसवतात आणि टोकाशी बारीक चीर राहते. वेगानं फिरणारं पातळ घासचाक लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपची कमी नाही, पण कारागिराला काम आधी समजावून सांगा, कारण लोखंडाच्या सवयीनं तो जोर लावेल. शाफ्ट हातानं गोल फिरवत, चाकाला जेमतेम टेकवत कापायचा. ‘मिस्त्री, खुणेच्या आत जाऊ नका.’ ‘काळजी करू नका सर, रेघ ठिवूनच कापतो.’ रेघ ठेवून कापणारा माणूस मिळाला की त्याला सोडू नका. कार्बनची काळी धूळ फुफ्फुसाला आणि डोळ्याला वाईट, त्यामुळं तुम्हीही मास्क आणि चष्मा घाला, त्यांनाही द्या, आणि चाकाशेजारी ओलं फडकं ठेवा.

दर वेळी पाव इंच, तोही टोकाच्या बाजूनं, आणि फक्त उघडे दोन. कापा, परत बांधावर जा, सोडा, बघा. उघडे बाण अगदी किंचित उजवीकडं उरले की थांबा. पिसांचं वजन शेपटाशी आलं की बाण थोडा कडक होतो, तेवढी जागा त्यासाठी ठेवलेली. काहीही झालं तरी पूर्ण ओढीला बाण शेल्फच्या पुढं इंचभर राहिलाच पाहिजे. शाफ्ट शेल्फवरून मागं घसरला तर तो सोडताना तुमच्या हातात घुसेल.

माप ठरलं की उरलेले शाफ्ट मागवा आणि त्याच मापाला कापा. कापलेलं तोंड काटकोनात आहे का बघा, कायमचा इन्सर्ट इपॉक्सीनं बसवा, टोक लावून बाण तळव्यावर टोकावर उभा फिरवा. टोक थरथरलं तर इन्सर्ट वाकडा बसलाय.

तयार बाण तोलायला ग्रेनचा काटा विकत घ्यायची गरज नाही. गुजरीत म्हणजे सराफ बाजारात ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन कळतं. बाण आडवा मावत नाही म्हणून काट्यावर एक रिकामी वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि बाण वाटीत उभा धरून हळूच सोडायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं नॉकभोवती न चिकटवता. २३.४१, २३.३६, २३.५२ असे आकडे आले तर काम झालं. एखादा २४.२ दाखवू लागला तर त्यात गोंद जास्त गेलाय. ०.६५ ग्रॅम म्हणजे दहा ग्रेनच्या आत सगळे बसले की पुरे. जो बसत नाही त्याच्यावर वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि तो सरावातला सुटा बाण म्हणून वापरा.

रोजची निगा

सोडण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून, टोक स्वतःपासून लांब ठेवून, थोडा वाकवा आणि कान द्या. कडकड आवाज आला, किंवा कापसाचा बोळा फिरवताना एखादा धागा अडकला, तर तो बाण तिथंच मोडून टाका. चीर गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. बाण दुसऱ्या बाणाच्या शेपटावर आदळला असेल तर ही तपासणी दोनदा.

आपल्याकडचा पावसाळा पिसांचा वैरी आहे. भिजलेलं पीस दबतं, बाण उघड्या बाणासारखा वागू लागतो. भिजली तर झटकून वाळवा आणि मग किटलीच्या वाफेवर धरून फिरवा, परत उभी राहतात. जून ते सप्टेंबर बाण बंद डब्यात ठेवायचे असतील तर दोन डांबराच्या गोळ्या टाका, कसर पिसं खाते.

आणि शेतात सराव करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. गवतात गेलेला बाण सापडेपर्यंत पुढचा सोडायचा नाही. चुकलेला बाण जमिनीला समांतर, गवताच्या मुळाशी सरकून पडतो, वरून दिसत नाही. टार्गेटमागची वीसेक पावलं पायानं, पट्टे पाडून, गवत बाजूला सारत बघायची. नाहीच सापडला तर जागेला काठी रोवून शेतमालकाला स्पष्ट सांगायचं. तो बाण वैरणीच्या भाऱ्यातून कुट्टी मशीनमध्ये गेला तर लोखंडी टोक पातं मोडतं, कार्बनच्या काड्या चाऱ्यात मिसळतात आणि म्हशीच्या पोटात जातात. बाण मिळेपर्यंत त्या पट्ट्यातली वैरण कापू द्यायची नाही.